मुलांनी काम केलं, आता ते सांगायचं कसं?

पुण्यात कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन सामाजिक काम करायला जे नव्याने येताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी याच कामात आहे. बरीच मुलं येतात ती एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) वर्षाचे १२० तास भरायला. त्यावरून नाक मुरडू नका. तासांसाठी आलेली मुलगी पुढे वस्तीतल्या बायकांची हक्काची माणूस झालेली मी पाहिली आहे.

पहिल्या बैठकीत हमखास ठरतं, 'नदी स्वच्छ करू.' मुळा-मुठेत मिसळणारं मैलापाणी एका गटाच्या आवाक्यातलं नाही. विषय इतका लहान करा, की सहा महिन्यांनी काय बदललं ते बोट ठेवून दाखवता येईल. एक गल्ली, एक सोसायटी, एक शाळा.

आमच्या एका गटाने एका सोसायटीत सॅनिटरी पॅड वेगळे द्यायचा विषय घेतला. घनकचरा नियमांप्रमाणे हा कचरा गुंडाळून वेगळाच द्यायचा असतो. कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करते. कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, ही मोहीम त्यांचीच. मुलांनी लगेच पोस्टरं काढायला घेतली. मी म्हटलं, आधी सकाळी कचरा घ्यायला येणाऱ्या 'स्वच्छ'च्या ताईंबरोबर उभे राहा. ओल्या कचऱ्याच्या बादलीत उघडं पॅड निघालं. ताईंनी ते हाताने बाजूला काढलं, हात फडक्याला पुसला आणि पुढची बादली ओढली. मुलं गप्पच झाली. त्यानंतर दारोदार जाऊन हा विषय सगळ्यात मोकळेपणाने बोलला तो गटातला एक मुलगा. पोस्टरची कुणाला आठवणही राहिली नाही.

आता सांगण्याबद्दल. मुलांचा पहिला अहवाल ठरलेला असतो: 'जनजागृती केली, उत्तम प्रतिसाद मिळाला.' यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. पहिल्या आठवड्यात किती घरं कचरा वेगळा देत होती, आता किती देतात, कोणी नकार दिला आणि का, हे लिहायला लावा. म्हणूनच सांगायची तयारी कामाच्या पहिल्या दिवसापासून हवी. आधीची नोंदच नसेल, तर नंतरचा बदल दाखवणार कशाच्या जोरावर? नकार देणाऱ्यांची कारणं तर मी आवर्जून ठेवायला सांगते. दुसऱ्या सोसायटीत जाणाऱ्या गटाला त्यांचाच खरा उपयोग होतो.

श्रेयाचीही काळजी घ्या. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे. आपली मुलं काल आली. ताई, वॉचमन, सोसायटीच्या सेक्रेटरी, सगळ्यांचा वाटा लेखात आला पाहिजे. फोटो काढण्याआधी विचारा आणि लिहिलेलं ताईंना वाचून दाखवा. 'बिचारी' हा सूर त्यांना बिलकूल खपत नाही, आणि खपू नयेच.

कागदपत्रांचं थोडक्यात. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात निवेदन दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रभागातल्या छोट्या कामांसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना सूचना देता येतात. पुण्यात ही सोय २००६ पासून आहे. पोच घेतलेली प्रत मुलांच्या हातात पडते ना, तेव्हा त्यांचा चेहरा बघा. आपल्या म्हणण्याची सरकारदरबारी नोंद झाली, हे त्यांना पहिल्यांदाच कळत असतं.

यशाची बातमी आधी त्या सोसायटीत सांगा, मग दुसऱ्या कॉलेजच्या गटांना, पेपरवाल्यांना सगळ्यात शेवटी. आणि शेवटच्या वर्षाची मुलं पास होऊन पांगायच्या आत नव्या मुलांना एकदा सकाळच्या फेरीला न्यायला लावा. नोंदींची वही, पोच घेतलेल्या प्रती आणि ताईंचा फोन नंबर, तिन्ही तिथेच, ताईंच्या समोर हवाली करायचं.