क्विझचे प्रश्न काढताना: उत्तर एकच निघालं पाहिजे

सामान्य ज्ञानाची क्विझ अवघड प्रश्नांमुळे क्वचितच फसते. एखाद्या प्रश्नाला दोन उत्तरं बरोबर निघतात, कोणीतरी मोबाइल काढून पुरावा दाखवतं आणि पुढची दहा मिनिटं वादात जातात. त्यामुळे प्रश्न गमतीदार आहे का हे नंतर बघा. आधी त्याचं उत्तर एकच आहे का ते बघा.

‘सर्वात’, ‘पहिला’ आणि ‘एकमेव’ हे तीन शब्द दिसले की थांबायचं. ‘जगातलं सर्वात मोठं वाळवंट कोणतं?’ याला बहुतेक जण सहारा म्हणतील. पण वाळवंट ठरतं ते पावसाच्या प्रमाणावरून, आणि त्या हिशेबाने अंटार्क्टिका सहारापेक्षा मोठं. प्रश्नात ‘उष्ण’ हा एक शब्द घातला की काम झालं. सर्वात उंच पर्वताचंही तेच. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट, ८,८४८.८६ मीटर. पायथ्यापासून मोजलं तर हवाईमधला मौना केआ १०,००० मीटरच्या पुढे जातो, कारण त्याचा बराच भाग समुद्राखाली आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून अंतर धरलं तर इक्वेडोरमधला चिंबोराझो जिंकतो. म्हणून ‘समुद्रसपाटीपासून’ हा शब्द गाळायचा नाही. सर्वात लांब नदीचा प्रश्न मात्र दुरुस्त होत नाही. नाईल की अ‍ॅमेझॉन हे उगम आणि मुख कुठे धरता यावर ठरतं, आणि तिथेच एकमत नाही. तो प्रश्न सरळ सोडून द्या.

विज्ञानात परिस्थिती न सांगितल्याने गोंधळ होतो. ‘सामान्य तापमानाला द्रव असणारा एकमेव धातू’ म्हणजे पारा, हे शाळेत ठीक. पण सीझियम साधारण २८.५ अंश सेल्सिअसला वितळतो आणि गॅलियम २९.८ अंशांना. उन्हाळ्यात बंद खोलीतही एवढं तापमान होतं. ‘० अंश सेल्सिअसलाही द्रव राहणारं धातू मूलद्रव्य कोणतं?’ असं विचारलं की पाऱ्याशिवाय दुसरं नाव उरत नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू विचारताना हवेचा दाब आणि आवाजाचा वेग विचारताना माध्यम व तापमान सांगायलाच हवं.

इतिहासात ‘पहिला’ घात करतो. समुद्रमार्गे पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणून मॅजेलनचं नाव सर्रास घेतलं जातं. पण तो १५२१ मध्ये फिलिपिन्समध्ये मारला गेला. सफर पूर्ण करून जहाज परत आणलं ते त्याच्याच ताफ्यातल्या एल्कानोने, १५२२ मध्ये. तारखांच्या बाबतीत कॅलेंडरही नडतं. रशियातली ऑक्टोबर क्रांती तिथल्या तेव्हाच्या कॅलेंडरनुसार २५ ऑक्टोबर १९१७ ची, आजच्या कॅलेंडरनुसार ७ नोव्हेंबरची. अशा ठिकाणी तारीख विचारण्यापेक्षा ‘ऑक्टोबर क्रांतीचा वर्धापनदिन नोव्हेंबरमध्ये का साजरा व्हायचा?’ हे विचारा. माहिती तीच, पण डोकं चालवायला वाव मिळतो.

मनोरंजनाच्या फेरीत ‘सर्वाधिक ऑस्कर कोणत्या चित्रपटाला?’ हा प्रश्न नेहमीचा आणि नेहमीचाच सदोष. ‘बेन-हर’, ‘टायटॅनिक’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग या तिघांना प्रत्येकी ११ मिळाले आहेत. प्रश्न उलटा करा: ‘प्रत्येकी ११ ऑस्कर मिळवलेल्या तीन चित्रपटांपैकी सर्वात जुना कोणता?’ उत्तर ‘बेन-हर’, १९५९. पुरस्काराचं वर्ष विचारत असाल तर चित्रपट प्रदर्शित झाल्याचं की सोहळ्याचं, ते स्पष्ट सांगा. ‘टायटॅनिक’ १९९७ चा, त्याचा सोहळा १९९८ चा.

काही उत्तरं शिळी होतात. कझाकस्तानच्या राजधानीचं नाव २०१९ मध्ये अस्तानाचं नूर-सुलतान झालं आणि २०२२ मध्ये पुन्हा अस्ताना झालं. गुरू आणि शनी यांच्या चंद्रांची संख्या तर २०२३ या एकाच वर्षात अनेकदा बदलली. आकडा विचारायची हौस असेल तर असे विषय टाळा. जुन्या संग्रहातला प्रश्न उचलताना उत्तर त्या आठवड्यात तपासा आणि तपासल्याची तारीख प्रश्नाशेजारी लिहून ठेवा. दोन ठिकाणी तपासा, पण दुसऱ्याने पहिल्याचीच नक्कल केलेली नाही ना हे बघा. मजकूर शब्दशः सारखा असेल तर ते एकच ठिकाण समजायचं.

आता प्रश्न घडवायचा कसा, ते एका उदाहरणावर पाहू. कच्चा माल वर आलेलीच सफर. पहिला खर्डा: ‘पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणाऱ्या पहिल्या जहाजाचं नाव काय?’ उत्तर, व्हिक्टोरिया. चूक काहीच नाही, पण ज्याला नाव माहीत नाही त्याने करायचं काय? नुसतं बसून राहायचं. दुसरा खर्डा: ‘परतीच्या वाटेवर केप व्हर्डे बेटांपाशी खलाशांना कसलं आश्चर्य वाटलं?’ हा फारच मोकळा, कोणीही काहीही सांगेल आणि त्याला चूक म्हणणं कठीण. तिसरा असा:

‘१५१९ मध्ये पाच जहाजं स्पेनहून पश्चिमेकडे निघाली. १५२२ मध्ये त्यातलं उरलेलं एक जहाज केप व्हर्डे बेटांपाशी आलं. जहाजावरच्या रोजनिशीत बुधवार होता, किनाऱ्यावर गुरुवार. रोजनिशीत एकाही दिवसाची नोंद चुकलेली नव्हती. मग एक दिवस गेला कुठे?’

इथे जहाजाचं नाव, माणसांची नावं काहीच माहीत नसलं तरी विचार करून उत्तरापर्यंत जाता येतं: सतत पश्चिमेकडे जात पृथ्वीला फेरी घातल्यामुळे त्यांच्या वाट्याला एक सूर्योदय कमी आला. संघ आपसात कुजबुजायला लागले की समजायचं, प्रश्न जमला. मात्र कोणीतरी ‘वाररेषा ओलांडली’ असं म्हणणारच. तेव्हा आंतरराष्ट्रीय वाररेषा अस्तित्वात नव्हती, पण कारण तेच आहे. हे उत्तर धरायचं की नाही ते घरीच ठरवा, मंचावर नाही.

प्रश्न ४० शब्दांच्या आसपास ठेवा. वाचताना ऐकणाऱ्याला नेमकं काय विचारलंय ते शेवटी कळलं पाहिजे, म्हणून आधी धागेदोरे आणि शेवटी प्रश्न. बझरची फेरी असेल तर अवघड धागा आधी आणि सोपा नंतर, म्हणजे ज्याला जास्त माहीत त्याला आधी दाबता येतं. उलटं केलंत तर निव्वळ बोटांची शर्यत होते.

पर्याय देत असाल तर चुकीचे पर्यायही कष्टाने शोधावे लागतात. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीसाठी कॅनबेरासोबत सिडनी हवंच, कारण ते सर्वात प्रसिद्ध. मेलबर्नही हवं, कारण १९२७ पर्यंत तिथली संसद मेलबर्नला भरत असे. चौथ्या जागी पॅरिस टाकलंत तर चारांचे तीन पर्याय झाले. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांबलचक नको. त्याची जागा फासा टाकून ठरवा, नाहीतर हात आपसूक मधल्या दोन जागांकडे वळतो. ‘वरीलपैकी सर्व’ हा आळशी पर्याय, तो ठेवू नका.

दहा प्रश्नांच्या फेरीत तीन सोपे, पाच मध्यम, दोन अवघड हे प्रमाण साधारण चालतं. सरासरी संघाला सहा उत्तरं आली तर फेरी बरी झाली. एकाही संघाला न येणारा प्रश्न अख्ख्या क्विझमध्ये एखादाच असावा. लेखी क्विझमध्ये प्रश्न दोनदा वाचून वर ३० सेकंद द्या. वाचन, उत्तरं, तपासणी आणि अधूनमधून होणारी कुरकूर धरली तर ४० प्रश्नांना दीड ते दोन तास जातात. प्रत्येक फेरीमागे एक राखीव प्रश्न ठेवा. कोणी प्रश्नावर हरकत घेतली आणि ती रास्त असली तर वाद न घालता प्रश्न बाद करून राखीव काढता येतो.

उत्तरपत्रिकेत उत्तरासोबत ‘काय चालेल’ हेही लिहा. आडनाव पुरेसं, हा नियम सोयीचा आहे, पण क्युरी म्हटलं की मेरी, पिएर आणि त्यांची मुलगी इरेन अशा तीन नोबेल विजेत्या व्यक्ती उभ्या राहतात. तिथे पूर्ण नाव मागा. परदेशी नावांचे उच्चार आपल्या लिपीत लिहून ठेवा, आयत्या वेळी अडखळायला होतं. चित्रांच्या फेरीत फाइलच्या नावातच उत्तर असतं आणि पडद्यावर ते आधी झळकतं, म्हणून फाइलींना नुसते क्रमांक द्या. गाण्याचा तुकडा १० ते १५ सेकंदांचा घ्या आणि मुखडा टाळा.

क्विझच्या आदल्या दिवशी सगळे प्रश्न सहभागी नसलेल्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवा. ‘म्हणजे काय?’ असं ते विचारतील तिथे वाक्य बदला. त्यांनी दिलेलं चुकीचं उत्तर लिहून घ्या आणि तेही बरोबर ठरू शकतं का ते शोधा. निम्मे दोष इथेच सापडतात.

टायब्रेकरला, म्हणजे गुण सारखे झाल्यावर विजेता ठरवणाऱ्या प्रश्नाला, असा आकडा विचारा जो पक्का आहे पण फारसा कोणाला पाठ नाही: ‘१८६७ मध्ये अमेरिकेने अलास्का रशियाकडून किती डॉलरना विकत घेतला?’ उत्तर ७२ लाख. संघ आकडा कागदावर लिहून एकाच वेळी देतील, सर्वात जवळचा जिंकेल. दोन आकडे सारख्याच अंतरावर, एक वर आणि एक खाली, असेही येऊ शकतात, म्हणून दुसरा टायब्रेकर खिशात ठेवा.