बाहेरच्या मैदानात घोड्याचं लक्ष बॅरलवर कसं ठेवायचं

बॅरल रेसिंग म्हणजे त्रिकोणात मांडलेल्या तीन पिंपांना (बॅरल) वळसा घालून घोडा कमीत कमी वेळात पळवून आणायची शर्यत. घरच्या रिंगणात तिन्ही बॅरल बिनचूक फिरणारा घोडा स्पर्धेच्या ठिकाणी ट्रेलरमधून उतरतो आणि मान ताठ करून खिंकाळायला लागतो. फाटकाशी अडतो, दुसऱ्या बॅरलजवळ कुंपणावरचा फलक बघत राहतो आणि वळणाची जागा निघून गेल्यावर वळतो. अशा वेळी घरी जाऊन आणखी वीस फेऱ्या मारायचा मोह होतो. तो आवरा. फेरी त्याला पाठ आहे. गोंगाटात, अनोळखी घोड्यांमध्ये स्वाराचं ऐकायची सवय त्याला नाही, आणि ती बॅरलभोवती पळून लागत नाही. उलट जास्त फेऱ्यांनी बॅरल दिसताच अंगात येणारा घोडा तयार होतो.

आधी दुखणं तपासा

तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडणं, एकाच बाजूच्या वळणाला टाळाटाळ, खुराक अर्धवट सोडणं ही लक्षणं घरीही दिसत असतील तर दात, पाठ, खोगीर आणि खूर पशुवैद्याला दाखवा. पोटाकडे विशेष लक्ष द्या. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास तयार होतं, पण ते शमवणारी लाळ तो चावत असतानाच सुटते. लांबचा प्रवास, रिकामं पोट आणि वर दौड, म्हणजे आम्ल जठराच्या वरच्या भागात उसळतं आणि तिथे जखमा होतात. म्हणून ट्रेलरमध्ये चाऱ्याची जाळी कायम भरलेली हवी. दौडीच्या तासभर आधी थोडा लसूणघास द्या; त्यातलं कॅल्शियम आम्लाला उतारा ठरतं. दाण्याचा मोठा खुराक मात्र दौडीच्या तीन-चार तास आधीच संपवा.

घरी काय पक्कं करायचं

कुठेही, बॅरल नसतानाही करता येतील अशी चार कामं निवडा: मान बाजूला वळवणं, पायाच्या इशाऱ्यावर मागचा भाग सरकवणं, थांबून चार-पाच पावलं मागे जाणं, आणि लगाम सैल सोडून डोकं खाली घेणं. क्रम रोज तोच, वेळ 12 ते 15 मिनिटं.

मान वळवायची ती अशी: घोडा उभा असताना एका बाजूचा लगाम पाच-सहा इंच आखूड घ्या आणि मूठ मांडीवर टेकवून ठेवा. ओढू नका, झटका देऊ नका. सुरुवातीला तो हाताविरुद्ध जोर लावेल, जागच्या जागी गोल फिरेल. मूठ तिथेच राहू द्या. त्याने नाक आत आणलं, जबडा सैल करून बिट (लगामाचा तोंडातला दांडा) चघळलं की त्याच क्षणी लगाम सोडा. दोन सेकंद उशीर झाला तर बक्षीस कशाचं मिळालं हे त्याला कळत नाही. ही सगळी तालीम त्या सुटण्याच्या क्षणावर उभी आहे, आणि बहुतेक स्वार नेमके तिथेच ढिले पडतात.

लक्ष कुठे आहे ते कान सांगतात. दोन्ही कान दूर कुठेतरी रोखलेले असतील तर त्याला एक-दोन सेकंद बघू द्या. मग एक काम द्या. एक कान तुमच्याकडे वळला की काम थांबवा. बुजला म्हणून टाच मारली किंवा तोंडात हिसका दिला तर त्या फलकाजवळ दुखतं एवढंच तो शिकतो आणि पुढच्या वेळी दुप्पट बुजतो.

बाहेर नेण्याचा चढता क्रम

पहिल्या खेपेला नाव नोंदवूच नका. घोडा न्या, ट्रेलरला चारा-पाणी देऊन दोन-तीन तास बांधून ठेवा, शांत झाला की खोगीर घालून चार कामं करा आणि घरी या. बांधल्यावर खूर आपटणं, हाका मारणं सुरू असताना त्याला सोडायला जाऊ नका. दंगा केला की सुटका होते हा धडा एकदा मिळाला की पुसायला फार दिवस लागतात. अर्थात तो दोरीत अडकत असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून गाठ झटकन सुटणारीच मारा.

पुढच्या खेपेला सरावफेरी घ्या. मुख्य स्पर्धेआधी पैसे भरून मैदानात साधारण मिनिटभर वेळ मिळतो, तो वेगासाठी वाया घालवू नका. आधी चालत तिन्ही बॅरल, त्यानंतरच्या खेपेला ट्रॉट (दुडकी चाल), मग मंद लोप (सावकाश दौड). प्रत्येक बॅरलपाशी थांबून श्वास सोडू द्या. सलग दोन वेगळ्या मैदानांत लोपमध्ये त्याचा कान तुमच्याकडे राहिला, तरच स्पर्धेत नाव द्या, आणि पहिल्या दौडीत पूर्ण वेग मागू नका.

सोबतच्या घोड्यावाचून राहवत नसेल तर दोघांना वेगळ्या ट्रेलरपाशी बांधा. हे घरीच सुरू करा: जोडीदार आधी पाच मिनिटं नजरेआड, मग अर्धा तास.

स्पर्धेच्या दिवशी

दोन तास आधी पोचा. हॉल्टर (म्होरकी) घालून मैदानाभोवती दोन्ही दिशांनी चालवा. डाव्या डोळ्याने पाहिलेली गोष्ट उजव्या डोळ्याने दिसली की तो पुन्हा बुजू शकतो. नवीन पाणी पीत नसेल तर घरचं पाणी डब्यातून न्या. अंग गरम करायला 25-30 मिनिटं पुरतात: दहा मिनिटं चाल, मग ट्रॉट, थोडा लोप, आणि शेवटी तीच चार कामं त्याच क्रमाने. तासभर गोल गोल पळवून थकवलेला घोडा शांत दिसतो खरा, पण वळणाला पाय उचलत नाही.

आवाजाने बिथरणाऱ्या घोड्याला कानात मऊ बोंडं घालतात. ती घरी आठवडाभर आधी घालून बघा. शांत करणाऱ्या पुड्यांचंही तेच, शिवाय आयोजकांचे औषधांचे नियम आधी वाचा.

फाटक हा वेगळा विषय आहे. फाटक म्हणजे जीव तोडून पळणं, असं समीकरण झालेला घोडा तिथे उभा होतो किंवा उलटा फिरतो. अशाला सरावफेरीत चालत आत न्या, मध्ये उभा करा, तंग सैल करा आणि चालतच बाहेर आणा. उन्हातून छताखालच्या मैदानात जाताना अडला तर हट्ट समजू नका. घोड्याचे डोळे अंधाराला सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ घेतात, म्हणून नंबर येण्याआधी काही मिनिटं सावलीत उभे राहा.

दौडीत

प्रमाण मांडणीत पहिल्या दोन बॅरलमध्ये 90 फूट, त्या दोन्हींपासून तिसऱ्यापर्यंत 105 फूट आणि वेळेच्या रेषेपासून पहिल्यापर्यंत 60 फूट अंतर असतं. मैदान लहान असेल तर अंतरं कमी होतात आणि घरच्या अंदाजाने धावणारा घोडा वळण चुकवतो. ते लक्ष उडाल्यासारखं दिसतं, पण नसतं. आधी चालून मैदान मोजा.

नजर बॅरलच्या कडेवर ठेवली तर तुमचं शरीर आत झुकतं, घोड्याचा खांदा पाठोपाठ आत पडतो आणि बॅरल पडतं. दंड 5 सेकंद. बॅरलच्या चार-पाच फूट बाहेरच्या जमिनीकडे बघा, तिथे पोचताना खोगिरात बसा, आतल्या, म्हणजे बॅरलकडच्या पायाने घोड्याच्या फासळ्या बाहेर धरा. घोडा प्रेक्षकांकडे बघायला लागला तर आतला लगाम हलका उचला आणि पायाचा दाब वाढवा. तरीही तो हाताबाहेर जात असेल तर वेळेचा विचार सोडून ट्रॉटवर आणा आणि फेरी नीट पुरी करा. नोंदणीचे पैसे जातात, वळण वाचतं.

दौड संपल्यावर सरळ ट्रेलरकडे नेऊ नका. श्वास बसेपर्यंत चालवा, मैदान दिसेल अशा जागी दहा मिनिटं सैल लगामावर उभा ठेवा, मग खोगीर काढा. पुढच्या ठिकाणी तो पुन्हा बिघडला तर क्रमातली एक पायरी खाली उतरा आणि त्या पायरीवर दोन खेपा काढा.