आकाशात आगीचा गोळा दिसला? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खिशात हात घालणं. मोबाईल निघून कॅमेरा उघडेपर्यंत अग्निगोल, म्हणजे खूप तेजस्वी उल्का, विझलेला असतो. त्याचा खेळ बहुधा काही सेकंदांचाच. त्यापेक्षा नुसतं बघा आणि मनात सेकंद मोजा. कुठून आला, कुठे विझला, हे खांब, पाण्याची टाकी, समोरची गच्ची अशा खुणांवर बसवा. मग मोबाईल काढा आणि वेळ टिपा. पाय हलवायच्या आधी त्यातल्याच कंपासवर दोन्ही दिशा बघून घ्या. हात लांब केला की मुठीची रुंदी साधारण 10 अंश भरते, क्षितिजापासूनची उंची तिनेच मोजा.

“वाडीच्या मागंच पडला ना भाऊ!” हे नागपुरात हमखास ऐकू येतं. पण 30 किलोमीटर उंचीवर विझलेला गोळा क्षितिजापासून एका मुठीवर दिसत असेल, तर तो दीडशे किलोमीटरच्या पुढे असतो. शहरालगतची वाडी कसली, अमरावतीच्याही पलीकडे. रात्री गाडी काढून शोधायला जाऊ नका.

दिसणारी प्रत्येक रेघ उल्काही नसते. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी नागपुरातून दिसलेला जळता पट्टा अनेकांनी उल्का म्हणूनच फॉरवर्ड केला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग सापडली आणि तो चिनी रॉकेटचा अवशेष असल्याचं समोर आलं. ओळखायचं वेगावरून: उल्का सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने सुसाट जाते, रॉकेटचे तुकडे रांगेने, रमतगमत, कधी मिनिटभरही दिसतात.

लख्ख उजेड पडला तर काचेच्या खिडकीशी उभे राहू नका. आवाज मिनिट-दोन मिनिटांनी येतो. रशियातल्या चेल्याबिन्स्कला 2013 मध्ये आकाशात उल्का फुटली, तेव्हा बरेच जण फुटलेल्या काचांनीच जखमी झाले.

आता दगड. लोहचुंबक चिकटला म्हणजे अशनी (जमिनीवर पडलेला उल्केचा दगड), हे आपल्याकडे चालत नाही. आपल्या काळ्या दगडात, बेसाल्टमध्येही, चुंबकाला ओढलं जाणारं मॅग्नेटाइट हे खनिज असतं, आणि लोखंडाच्या भट्टीतली मळीही चुंबकाला चिकटते. दगडाला बुडबुड्यांची भोकं असतील तर तो बहुधा अशनी नव्हेच. पातळ काळी साल आणि आत फिकट रंग असेल, तर मात्र धुऊ नका, फोडू नका. पडल्या जागीच शेजारी नाणं ठेवून फोटो काढा आणि नागपुरात सेमिनरी हिल्सच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात कळवा.