या चुका टाळा : दसरा-दिवाळीच्या दिवसांतली बालवाडी

सप्टेंबर संपत आला की अनेक बालवाड्यांच्या फळ्यांवर तांबडी-नारिंगी पाने झळकू लागतात, आणि ती असतात मेपलची. इंटरनेटवरून उतरवलेल्या ‘ऑटम’ वर्कशीटमध्ये भोपळे आणि मफलर गुंडाळलेली खार, तर बाहेर ऑक्टोबरचे ऊन मी म्हणत असते. मुले ते चित्र रंगवतात. पण ‘चला, हे बाहेर कुठे दिसतंय ते बघू’ असे ताईंना म्हणता येत नाही.

आपल्याकडे शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पळस, काटेसावर, पिंपळ यांची पाने झडतात ती हिवाळा सरता सरता, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला. पानगळीचा उपक्रम तेव्हासाठी राखून ठेवा. आत्ता झेंडू-शेवंतीचे ढीग आहेत, सकाळी पारिजातकाचा सडा आहे, हातगाड्यांवर सीताफळे आहेत. कोकणात भातकापणी आणि मराठवाडा-विदर्भात सोयाबीनची काढणी चालू आहे. मैदानात शेपटी वरखाली करत पळणारा धोबी पक्षी हिवाळ्यापुरता येऊन दाखल होतो. चंद्रसुद्धा शाळेच्या वेळेत दाखवता येतो: कोजागरीनंतर पाच-सहा दिवसांनी सकाळी आठच्या सुमाराला पश्चिमेकडे बघा. दिवसा चंद्र दिसतो यावर मोठ्या गटातली मुले आधी विश्वासच ठेवत नाहीत.

धान्य उगवण्याऐवजी कुजते

नवरात्रात घरी घट बसतात, म्हणून वर्गातही धान्य पेरले जाते. उपक्रम सोपा आहे, तरी निम्म्या ग्लासांत चौथ्या दिवशी बुरशी दिसते. कारणे ठरलेली आहेत. ग्लासाला खाली भोक नसते, दाणे मूठभर ओतलेले असतात आणि पाणी घालायला वर्गातला प्रत्येकजण उत्सुक असतो.

दीड-दोनशे मिलिलिटरचा ग्लास घ्या. तळाला तीन-चार भोके पाडा (हे काम ताईंचे, मुलांचे नाही). पाऊण ग्लास माती भरा. काळी चिकण माती असेल तर तिच्यात निम्मी वाळू मिसळा. गहू रात्रभर भिजवून दहा-बारा दाणे एकमेकांपासून सुटे ठेवा आणि वर अर्धा सेंटीमीटर माती भुरभुरवा. पाणी रोज सकाळी एकदाच, चहाचे दोन चमचे. कोणाचा दिवस कोणता याचा तक्ता भिंतीवर लावला की भांडणे मिटतात. गहू किराणा दुकानातला आणा. पेरणीसाठी विकत मिळणाऱ्या रंगीत बियाण्याला औषध चोळलेले असते, ते मुलांच्या हाती अजिबात देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंब दिसतात. इथे पुढची चूक होते: फूटपट्टी लावून ‘चार सेंटीमीटर’ असे लिहून घेणे. चार वर्षांच्या मुलाला सेंटीमीटर कळत नाही, पण ‘कालच्यापेक्षा उंच’ हे नक्की कळते. रोपाशेजारी कागदाची अरुंद पट्टी उभी धरा, रोपाएवढी कापा, तारखेखाली चिकटवा. नऊ दिवसांत पट्ट्यांचा जिना तयार होतो. रविवारची जागा मुद्दाम रिकामी ठेवा. सोमवारी पायरी एकदम मोठी का झाली, हे मुलांनाच विचारा.

एक ग्लास कपाटात अंधारात ठेवा. त्यातले कोंब पिवळट, लांबुडके होतात. घरच्या घटातले धान पिवळे का होते, याचे उत्तर मग कोणीतरी आपणहून देते.

आपटा म्हणून कांचन

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेली ‘आपट्याची’ पाने बऱ्याचदा कांचनाची असतात. दोन्ही एकाच कुळातली, दोन्हींची पाने टोकाला दुभंगलेली, त्यामुळे घोटाळा होतोच. आपट्याचे पान लहान, जाडसर, हाताला खरखरीत लागते आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त भरते. कांचनाचे तळहाताएवढे मोठे, पातळ, उंचीला जास्त, आणि त्याची खाच खोल जाते.

कांचन आले म्हणून फेकू नका, दोन्ही शेजारी ठेवा. वर्गीकरणासाठी याहून चांगले साहित्य विकत मिळत नाही: आकार, स्पर्श, जाडी, खाच असे चार निकष एकाच वेळी हाताशी येतात. मात्र निकष तुम्ही सांगितलात की उपक्रम संपला. बारा-पंधरा पानांचा मिसळलेला ढीग चार मुलांच्या गटाला द्या, ‘सारखी सारखी एकत्र ठेवा’ एवढेच म्हणा आणि नंतर ‘ही इथे का ठेवली?’ हे विचारा. लहान गटातले मूल ‘मोठी-छोटी’ असे करून थांबेल. मोठ्या गटातले मूल दुसरा निकष लावून तोच ढीग पुन्हा लावू शकते का, हे बघा. तेच तर नोंदवण्यासारखे आहे. मग पान मधल्या शिरेवर दुमडायला सांगा, दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात. दोन दिवसांचे सुकलेले पान मात्र दुमडताना मोडते, म्हणून हे ताज्या पानांवर करा. आणि झाड ओरबाडू नका. माणशी दोन पाने पुरतात.

तोरण नेमके कोणी केले?

शाळेच्या दारावर एकसारखे तीस कंदील टांगलेले दिसले, तर ते मोठ्यांनी केलेत हे ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. या दिवसांतली सगळ्यांत मोठी चूक हीच. मुलाच्या वाट्याला उरते ते टिकल्या चिकटवणे. पालकांना फोटो हवा असतो हे मान्य, पण बोटांची तयारी होण्याचे सगळे क्षण त्या फोटोसाठी मोठ्यांच्या हातात जातात.

तोरण ओवताना दोरा साठ सेंटीमीटरहून लांब नको, गुंता होतो. टोक मेणात बुडवून कडक करा किंवा बोथट प्लास्टिकची सुई द्या. झेंडूच्या पाकळ्यांतून सुई घातली तर फूल फाटते. देठाकडच्या हिरव्या भागातून ती सरळ आरपार जाते. ताईंनी पहिल्या फुलाला गाठ मारून द्यावी. क्रम आधी सोपा ठेवा: झेंडू, आंब्याचे पान, झेंडू, पान. तो सलग तीन वेळा जमला की मगच दोन झेंडू-एक पान. मुलाने क्रम चुकवला तर लगेच दुरुस्त करू नका, ओवलेले मोठ्याने वाचायला लावा. बहुतेक मुलांना आपली चूक वाचताना कानाने कळते.

कंदिलाला जाडसर रंगीत कागद घ्या. ए-फोर कागद लांबीत मधोमध दुमडा आणि दुमडलेल्या कडेकडून मोकळ्या कडेकडे काप द्या, दोन-दोन सेंटीमीटरवर. मोकळ्या कडेच्या तीन सेंटीमीटर अलीकडे थांबायचे. हमखास बिघडते ते इथेच: मूल उलट्या बाजूने कापते किंवा कापत शेवटपर्यंत जाते, आणि हातात सुट्या पट्ट्या येतात. म्हणून थांबायची रेघ आधीच जाड लाल स्केचपेनने मारून ठेवा आणि दुमडलेल्या कडेला एक ठिपका द्या, ‘इथून सुरू’.

कात्री चालत नसेल तर दोष बहुधा कागदाचा असतो. वर्तमानपत्राचा पातळ कागद पात्यांमध्ये वाकतो, कापला जात नाही. सुरुवातीला कार्डशीटच्या दोन सेंटीमीटर रुंद पट्ट्या द्या, एका टचक्यात तुकडा पडतो. कात्री धरताना अंगठा वर हवा. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताची कात्री द्या. नेहमीच्या कात्रीने त्याला रेघ दिसतच नाही, आणि आपण त्यालाच वेंधळा म्हणतो.

पणतीवरचा रंग खवल्यांसारखा सुटतो, कारण ती धुऊन ओलीच रंगवलेली असते. दिवसभर उन्हात वाळवा आणि पोस्टर कलर लावा. वातीजवळचा आतला भाग कोराच ठेवायचा, रंग पेटू शकतो.

पाटीपूजन झाले की लगेच ‘अ’ गिरवणे

दसऱ्याला पाटीवर १ च्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा होते आणि दुसऱ्या दिवसापासून लहान गटाला गिरवायला बसवले जाते. मुहूर्त चांगला असेल, पण मनगट तयार नसते. साधारणपणे तीन वर्षांच्या सुमाराला मुलाला बघून गोल काढता येतो, चारला अधिकचे चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन आणि पाचला त्रिकोण. ‘अ’मध्ये अर्धगोल, आडवी रेघ, उभी रेघ आणि वर शिरोरेषा असे सगळे एकदम येते. ज्याला अजून अधिकचे चिन्ह जमत नाही, त्याला तो गिरवायला देणे म्हणजे पेन्सिल मुठीत आवळायची सवय लावणे. ही पकड पुढे सोडवता सोडवता नाकी नऊ येतात.

या दिवसांत हाताशी असलेला सरावाचा चांगला प्रकार म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, तीही जमिनीवर ओल्या खडूने. कोरडी रांगोळी नाका-डोळ्यांत जाते. आधी दोन ठिपके जोडायचे, मग दोन गुणिले दोन, मग तीन गुणिले तीन. ठिपक्यांत मोठे अंतर ठेवा म्हणजे खांद्यापासून हात फिरतो. अक्षरे सुरू करायची वेळ आली की ‘अ’पासूनच सुरू करायला हवे असेही नाही; ग, म, न यांसारखी उभ्या रेघेची अक्षरे आधी घेतली तर हाताला सोपी जातात.

भोंडल्याबद्दल थोडेसे. गाणी पाठ करून घेण्यावर जोर असतो, पण भाषेचे खरे काम खिरापत ओळखताना होते. झाकलेला डबा, मुलांनी प्रश्न विचारायचे: गोड आहे? चावावं लागतं? ताई दुसऱ्याच मिनिटाला उत्तर फोडतात. निदान दहा प्रश्न येईपर्यंत डबा उघडू नका.

‘पन्नासपर्यंत येतं’

सहामाहीच्या नोंदीत ‘१ ते ५० म्हणतो’ असे अभिमानाने लिहिलेले असते. म्हणणे आणि मोजणे वेगळे. मुलासमोर दहा-बारा पाने ठेवा आणि ‘मला पाच दे’ म्हणा. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणारी कितीतरी मुले मूठभर पाने उचलून देतात. दुसरी तपासणी: मुलाने सात पाने मोजली की लगेच विचारा, ‘मग किती आहेत?’ ते ‘सात’ म्हणाले तर शेवटचा आकडा म्हणजे एकूण संख्या हे त्याला उमगले आहे. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले तर अजून नाही. तिसरी: तीच पाने पांगवून ठेवा आणि न मोजता किती ते विचारा. लहान गटात पाचपर्यंत पक्के असेल तर दिवाळीपर्यंत ते पुरेसे आहे, मोठ्या गटात दहापर्यंत.

नोंद करताना वय वर्षांत नाही, महिन्यांत लिहा. महाराष्ट्रात प्रवेशाचे वय ३१ डिसेंबरला मोजतात. म्हणजे ऑक्टोबरात लहान गटात एक मूल पावणेपाच वर्षांचे, तर शेजारचे चार वर्षेही पूर्ण न झालेले असू शकते. दोघांना एकाच तक्त्यात बसवून धाकट्याला ‘मागे’ ठरवणे हा वर्गातला नित्याचा अन्याय आहे.

बिया : काय नको

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला पाने, बिया, शिंपले यांवरच बालवाडी उभी केली, तेव्हा निसर्गातले साहित्य वापरायला कोणाची हरकत असणार? पण निवड डोळसपणे करा. लालचुटूक गुंजा, एरंड, धोतरा आणि कण्हेर यांच्या बिया विषारी असतात. वर्गात आणूच नका. सीताफळाच्या बिया मोजायला चालतात, पण त्या फोडू देऊ नका, त्यांची पूड डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते. तीन वर्षांखालच्या मुलांना साधारण तीन सेंटीमीटरच्या भोकातून जाईल अशी कोणतीच वस्तू नको. हरभरा किंवा वालाचा दाणा नाकात-कानात गेला तर चिमट्याने ओढायचा नाही आणि पाणीही घालायचे नाही, दाणा फुगतो. थेट डॉक्टरांकडे न्या.

सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर

वीस पाने लेखनाचा दिवाळी अभ्यास देऊ नका, तो आईच लिहिते. त्याऐवजी चार कामे सांगा: फराळाचे डबे लावणे, किल्ल्यावर अळीव पेरणे (अळीव भिजला की बुळबुळीत होऊन मातीला धरून बसतो, उतारावरून घसरत नाही), रोज एक गोष्ट ऐकणे, पणत्या मोजून मांडणे.

सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात जूनसारखे रडणे पुन्हा सुरू होते, चड्डी ओली होते, मित्रांची नावे विसरली जातात. याला कोणी ‘मागे पडणे’ म्हणू नये आणि त्या आठवड्यात कोणतीही तपासणी घेऊ नये. दिनक्रम जूनसारखाच हळूहळू बसवा. दोन-तीन आठवड्यांनी मात्र नोंदवही उघडा. चार वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला बहुतांशी कळत नसेल, नावाने हाक मारल्यावर ते वळून बघत नसेल, किंवा आधी येत असलेल्या गोष्टी हरवत चालल्या असतील, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत वाट बघू नका. ‘र’ला ‘ल’ म्हणणे यात धरू नका, ते या वयात चालते. पालकांना निकाल म्हणून काही सांगू नका. काय दिसले, कधी, किती वेळा, एवढेच तारखेसह सांगा आणि आधी कान तपासून घ्यायला सुचवा. अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्षातून दोनदा तपासणी होते. पथक येण्याच्या दिवशी तुमची नोंदवही समोर असेल तर पुढे जिल्हास्तरीय केंद्राकडे पाठवायचे की नाही, हे डॉक्टरांना तिथल्या तिथे ठरवता येते.