उन्हाळ्याआधीची तयारी: आधी ब्रश, मग गेज

महाशिवरात्र झाली की विदर्भात कूलर गच्चीवरून खाली उतरतात, ताट्या बदलल्या जातात, टाकीचं बूड रंगवलं जातं. त्याच गावातल्या डेअरीचा बल्क कूलर (दूध थंड करायची मोठी टाकी), आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर, मंगल कार्यालयाचे मोठे एसी मात्र बंद पडेपर्यंत कोणाला आठवत नाहीत. एप्रिल अर्धा सरला की फोन सुरू होतात. "भाऊ, गॅस संपला वाटते. सिलिंडर घेऊनच या." ही यादी एसी-फ्रिजच्या कामाचं आयटीआय करून तालुक्याच्या गावी धंदा मांडणाऱ्या पोट्ट्यांसाठी आहे. सिलिंडर तिच्यात आहे, पण बराच खाली.

आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा. एसीच्या प्लेटवरची टनेज, म्हणजे थंड करायची ताकद, बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत 45-46 आणि पत्र्यावर ठेवलेल्या आउटडोअरच्या तोंडाशी त्याहून जास्त. म्हणजे मशीन नवीकोरी असली तरी दुपारी ती प्लेटवरचं काम देणार नाही. बाहेर 45 असताना स्वच्छ कंडेन्सरमध्येसुद्धा (गरमी बाहेर टाकणारी कॉइल) गॅस 55 ते 60 अंशांच्या घरात जाऊनच द्रव होतो. 55 अंशांना आर-22 गॅसचा दाब 300 पीएसआयच्या आसपास असतो, आर-410ए गॅसचा 480च्या आसपास. कंडेन्सरवर कचऱ्याचा थर बसला की दाब आणखी चढतो, अँपिअर चढतात, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर वाचवणारा कटआउट) उडतो. अर्ध्या तासाने कॉम्प्रेसर निवला की पुन्हा चालू होतो, पुन्हा उडतो. मालकाला वाटतं गॅस संपला. उन्हाळ्यातले बहुतेक फोन हवा अडल्याचे नाहीतर व्होल्टेजचे असतात, म्हणून तयारीही त्याच क्रमाने करायची.

कामाचे दोन फेरे पाडा. फेब्रुवारीत पहिला फेरा: वायरिंग, कॅपॅसिटर, दरवाजाची रबरं, ड्रेन, सगळ्या नोंदी. कंडेन्सरची मोठी धुलाई मात्र तेव्हा करू नका. तूर निघालेली असते, हरभरा निघत असतो, थ्रेशरचा भुसा गावभर उडतो आणि जिनिंग अजून चालूच असते. आज धुतलेला कंडेन्सर पंधरा दिवसांत पुन्हा बुजतो. हरभरा घरात आला, जिनिंग आवरत आली की होळी ते गुढीपाडवा या काळात दुसरा फेरा काढा. ग्राहक कुरकुरतो की दोनदा कशाला येता. पहिल्या फेऱ्याचे पैसे कमी लावा, पण फेरा चुकवू नका.

सुट्या सामानाची पिशवी शहरातल्या मेकॅनिकपेक्षा आपली जड असते, असायलाच पाहिजे. त्याला चौकात दुकान असतं. आपल्याला एक कॅपॅसिटर हवा तर नागपूर किंवा अमरावतीहून एसटीच्या पार्सलने येईपर्यंत डेअरीचं एका वेळचं दूध गेलेलं असतं. म्हणून ग्राहकांची वही उघडा आणि कोणाकडे कोणती मशीन आहे, कोणता गॅस, कॅपॅसिटर किती एमएफडीचा (मायक्रोफॅरड), फॅन मोटर कोणती, कॉन्टॅक्टरची (मोटरला लाइन देणारा स्विच) कॉइल किती व्होल्टची हे फेब्रुवारीतच लिहून काढा. त्यावरून सामान भरा: लागणारे कॅपॅसिटर, दोन-तीन कॉन्टॅक्टर, रिले आणि ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, ड्रायर, फॅन मोटर, टाइम डिले, फ्लेअर नट, कॉपरचे तुकडे, ब्रेझिंगच्या काड्या. क्लॅम्प मीटरमधला सेल बदला. व्हॅक्यूम पंपाचं तेल बदला. दुधाळ दिसतंय म्हणजे त्यात पाणी गेलंय, त्या तेलावर व्हॅक्यूम लागणार नाही. चार्जिंग पाइपांची रबरी वॉशरं तपासा. वजनकाटा घेतला नसेल तर यंदा घ्याच. सिलिंडर मोटरसायकलला बांधून भर उन्हात तासभर फिरवू नका, बंद गाडीत तर मुळीच ठेवू नका. गॅसचा सिलिंडर 50 अंशांपर्यंत तापू द्यायचा नसतो आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं. ओलं बारदान गुंडाळा, सकाळीच पोहोचा.

साइटवर गेल्यावर पहिलं काम मेन बंद करण्याचं. तीन फेजच्या जुन्या बोर्डावर अजून किटकॅट फ्यूज असतात. ते नुसते काढून खाली ठेवू नका, खिशात घाला. तुम्ही छतावर असताना घरातलं कोणीतरी "लाइन गेली वाटते" म्हणत लावून देतं. मग कॅपॅसिटर डिस्चार्ज करा, पण पेचकस आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत सोडा. रेझिस्टर किंवा होल्डरमधला जुना बल्ब वापरा. कॅपॅसिटर फुगला असेल तर बदलाच. फुगलेला नसला तरी मोजा. 50 एमएफडीचा 45च्या खाली आला असेल तर तो मे काढणार नाही. कॉन्टॅक्टर उघडून बघा. पाली आणि मुंग्या यांना ही जागा फार आवडते. मुंग्या कॉन्टॅक्टच्या मधे चिरडतात, काजळी धरते, एक फेज नीट लागत नाही आणि मोटर दोन फेजवर गुणगुणत राहते. पीसीबीवर मेलेली पाल तर दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे सापडतेच. केबल जिथून आत येते ते भोक बुजवा. टर्मिनल एकेक करून आवळा. लगजवळची वायर तपकिरी पडली असेल तर नुसतं आवळून भागत नाही, तेवढा तुकडा कापून नवीन लग दाबा.

व्होल्टेज दुपारी मोजून खूश होऊ नका. गावातले कूलर आणि पंप एकदम लागतात ती वेळ ग्राहकाला विचारा आणि तेव्हा मोजा. सिंगल फेजला 207च्या खाली जात असेल तर मोठ्या क्षमतेचा स्टॅबिलायझर लागेल, हे आताच सांगा. तीन फेजला तिन्ही आकडे लिहा. 410, 400, 390 आले तर सरासरी 400 आणि सरासरीपासून सगळ्यात मोठा फरक 10, म्हणजे अडीच टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 2 टक्क्यांच्या वर गेलं की मोटरचं वाइंडिंग तापायला लागतं. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारा) नसेल तर बसवा. लाइन जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसर तीन मिनिटं तरी थांबला पाहिजे, तो टाइम डिले चालतोय का ते मेन पाडून स्वतः बघा. आणि गावातली डीपी जळून नवीन बसली असेल तर फेजचा क्रम तपासल्याशिवाय स्क्रोल कॉम्प्रेसर चालवू नका. उलटा फिरला की तो खडखडतो, दाब तयार होत नाही, अँपिअर कमी दिसतात आणि नवशिका लगेच गॅसच्या सिलिंडरकडे हात नेतो.

आता कंडेन्सर. हिंगणघाट, वणी, पांढरकवडा अशा कापसाच्या गावांत, विशेषतः जिनिंगच्या आसपास, मार्चपर्यंत कॉइलवर रुईची पांढुरकी गादी बसलेली असते. दुरून ती धूळ वाटते. बोटाने कोपरा उचलला तर सबंध पापुद्रा निघतो आणि खाली फिन (कॉइलवरची पातळ पत्र्याची पाती) चकचकीत दिसते. याच्यावर सरळ पाण्याचा पाइप धरला की काम बिघडलं. रुई भिजते, फिनांच्या मधे खोल जाऊन बसते आणि वाळली की नमद्यासारखी घट्ट होते. म्हणून आधी कोरडं काम: मऊ ब्रश फिनच्या दिशेने वरून खाली, आडवा नाही, मग ब्लोअर किंवा व्हॅक्यूम. रुई आणि भुसा पूर्ण निघाल्यावरच पाणी, तेही आतून बाहेर, हवेच्या उलट दिशेने. प्रेशर पंप लांबून आणि सरळ धरा. तिरपा जवळ धरला की फिना लोळतात, मग फिना सरळ करायचा कंगवा घेऊन बसा. ॲसिड वापरू नका, ॲल्युमिनियम खातं. धुण्याआधी मोटर आणि पॅनेल प्लॅस्टिकने झाका.

अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात एक सवय मोडायला हवी. दुपारी मशीन ट्रिप व्हायला लागली की मालक बोअरचा पाइप कंडेन्सरवर सोडून देतात. दोन दिवस थंडावा मिळतो, मग पांढरा क्षार चढतो आणि फिना हातात पिठासारख्या येतात. सावली करून द्या, ते बरं. हिरवी नेट चालते, पण ती वर आणि उन्हाच्या बाजूला, हात-दोन हात अंतर सोडून. फॅनच्या तोंडासमोर नेट आली की गरम हवा तिथेच घुटमळते. दोन आउटडोअर समोरासमोर बसवलेली असतील तर एकाची गरम हवा दुसरा पितो. त्यातला एक फिरवून घ्या, कितीही वेळ लागो.

हे सगळं झाल्यावर मशीन वीस मिनिटं चालवा आणि मग दाब मोजायचे गेज लावा. त्याच्या आधी नाही. "कायले एवढं खोलता भाऊ, गॅस टाकून द्या न" असं म्हणणाऱ्या काकांना शांतपणे सांगा की गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी लीकेज आहे. तेलकट डाग शोधा, फ्लेअर नटवर साबणाचा फेस लावा. सापडत नसेल तर उरलेला गॅस रिकव्हर करून (वेगळ्या सिलिंडरमध्ये काढून) नायट्रोजन भरा, मशीनच्या प्लेटवर लिहिलेल्या दाबाच्या वर न जाता. नायट्रोजन संपला म्हणून ब्रेझिंगच्या सेटमधला ऑक्सिजन कधीच भरू नका. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. लीकेज बंद केल्यावर व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या खाली न्या आणि पंप बंद करून तो टिकतो का ते बघा. व्हॅक्यूममध्ये असलेला कॉम्प्रेसर चालवू नका, त्यावर मेगरही (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावू नका. मग गॅस वजन करून भरा. नुसत्या दाबावर भरायला गेलात तर सकाळी आठला एक आकडा येईल, दुपारी तीनला दुसरा, आणि दोन्ही वेळी तुम्ही कमीजास्त करत बसाल. आर-410ए आणि आर-404ए मिश्रणं आहेत, ती द्रवरूपातच सोडायची. चालू मशीनला सोडताना थोडी थोडी.

नव्या व्हिसी कूलरला (काचेच्या दाराचा थंड पेयांचा फ्रिज) आणि डीप फ्रीझरला हात लावण्याआधी कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा. आर-290 असेल तर तो प्रोपेन आहे, पेटतो. आर-600एही पेटतो. त्या लाइनवर गॅस आत असताना बर्नर धरायचा नाही, काम दुकानाच्या आत कोंडून करायचं नाही. एसीतला आर-32 त्यांच्यापेक्षा कमी पेटता, पण पेटतो हे विसरू नका. आर-22च्या मशीनमध्ये "तसाच चालतो" म्हणून यातला कोणताही गॅस भरणारे सापडतात. त्यांच्या हातची मशीन आली तर आधी लेखी द्या की आत काय आहे ते आपल्याला माहीत नाही.

थंड ठेवायच्या मशीनचं लक्ष्य एसीपेक्षा बारीक असतं, म्हणून आधी थर्मामीटर खरा करून घ्या. बर्फाचा चुरा ग्लासात भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, सेन्सर मधोमध धरा. शून्य दाखवायला पाहिजे. दोन दाखवत असेल तर डेअरीच्या पॅनेलवरच्या 4 वर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. बल्क कूलरचा ॲजिटेटर (दूध ढवळणारं पातं) फिरतोय का, त्याच्या गिअरबॉक्समधून तेल गळतंय का ते बघा. दूध हललं नाही तर सेन्सरपाशी 4 आणि वर 12 असू शकतं. आइस्क्रीमच्या फ्रीझरला उणे 18 लागतात. त्याच्या रबरात दहाची नोट अडकवून झाकण लावा आणि ओढा, चारही बाजूंनी. सहज निघाली तिथून हवा जाते. मेडिकलवाल्याच्या फ्रिजला 2 ते 8 अंश हवेत; इन्सुलिन गोठलं तरी वाया गेलं, म्हणून "जास्त थंड करून द्या" म्हटलं तरी नॉब फिरवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लसींच्या आयएलआरला (लसी ठेवायचा खास फ्रिज) आरोग्य खात्याचे तंत्रज्ञ असतात, त्याला हात लावायचाच नाही. वरूड-मोर्शीकडे मृग बहराचा संत्रा फेब्रुवारी-मार्चमध्ये कोल्ड रूमला येतो. त्याला साधारण 6-7 अंश आणि भरपूर ओलावा लागतो. फार खाली नेलं तर सालीवर खड्डे पडतात. तिथे डिफ्रॉस्टचा हीटर, ड्रेन आणि दरवाजाच्या पट्ट्या माल यायच्या आधी तपासा. पेट्या रचल्या की इव्हॅपोरेटरला (आतली थंड कॉइल) शिडी लावता येत नाही.

मंगल कार्यालयाची मशीन महिनोन्महिने बंद असते. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी बटण दाबून ती चालू करायची नाही. क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा) आदल्या दिवसापासून चालू ठेवा. गॅस थंड तेलात मुरलेला असतो आणि एकदम सुरू केलं तर तेलाला फेस येऊन बेअरिंग कोरडे पडतात. आधी उंदरांनी वायर कुरतडली आहे का ते बघा, पट्टे बघा, डक्टमध्ये पक्ष्यांची घरटी असतात ती काढा. ड्रेन ट्रेमध्ये बादलीभर पाणी ओता. ते बाहेर पडायला हवं, नाहीतर ते नवरदेवाच्या डोक्यावर पडेल. ट्रायल जनरेटरवरही घ्या, कारण लग्नाच्या वेळी बहुधा तोच चालणार.

बर्फ कारखान्याचा किंवा मोठ्या शीतगृहाचा अमोनिया प्लांट ही वेगळी विद्या आहे. तिथे तांबं-पितळ चालत नाही, मास्कशिवाय वॉल्व्हजवळ जायचं नसतं, आणि आपली एसीची गेजं तिथे लावायची नसतात. बोलावलं तरी अमोनियावाल्या माणसाचा नंबर द्या.

शेवटी नोंद. तारीख, वेळ, बाहेरचं तापमान, तिन्ही फेजचं व्होल्टेज, अँपिअर, सक्शन, डिस्चार्ज, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान. एसीला या दोघांत 8 ते 12 अंशांचा फरक दिसला की काम ठीक. कागद चिकटवू नका, उधई खाते. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने लिहा आणि फोटो ग्राहकाला पाठवा. त्याच्याकडच्या एका माणसाला जाळी काढून धुवायला शिकवून या, दर आठवड्याला, आणि रुईचा पापुद्रा ब्रशने कसा उचलायचा तेही. बिल त्याच दिवशी हातात द्या. लग्नसराई सुरू झाली की कार्यालयवाले फोन उचलत नाहीत.