पुणं सोडून साताऱ्यात बसून काम करायचंय? मग घर आधी पावसाळ्यात बघा

भाड्याचा आकडा बघून गाव ठरवू नका. घरून काम करणाऱ्याचं गावातलं बस्तान मोडतं ते बहुतेक वेळा जुलैमध्ये, कारण तेव्हा लाईट आणि नेट एकदमच जातात. म्हणून पुण्यातलं घर हातात ठेवूनच जून ते ऑगस्ट गावात राहून बघा. तीन महिने दोन भाडी भरावी लागली तरी चालेल. सामान हलवून परत आणण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पाण्याची परीक्षा मात्र मे महिन्यात करायची. गल्लीत टँकर येतोय का हे तेव्हाच दिसतं, घरमालक कितीही सांगो.

पहिलं काम परवानगीचं. मॅनेजर तोंडी 'जा की' म्हणाला म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. नेमणूकपत्रातलं कामाचं ठिकाण बघा आणि एचआरकडून ई-मेलवर तीन गोष्टी घ्या: महिन्यात किती दिवस ऑफिसला यावं लागेल, परत बोलावलं तर किती दिवस आधी कळवतील, आणि ठिकाण बदलल्याने पगाराच्या रचनेत काही बदलतं का. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसला यायला सांगितलं, तेव्हा गावी स्थिरावलेल्या अनेकांना पुन्हा खोल्या शोधाव्या लागल्या. ऑफिस एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) असेल तर लॅपटॉप बाहेर ठेवायचीही कागदोपत्री परवानगी लागते, ती आयटी विभागाकडून घ्या.

आता हिशोब. समजा वाकडला भाडं ३०,००० आणि साताऱ्यात १२,०००. म्हणजे १८,००० वाचले असं वाटतं. पण आठवड्यातून दोनदा हिंजवडी गाठायची असेल तर जाऊन-येऊन साधारण २५० किलोमीटर होतात. गाडी १५ चं ॲव्हरेज देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर एका फेरीला १,७५० रुपये, महिन्याच्या आठ फेऱ्यांना १४,०००. शिवाय खेड शिवापूर आणि आनेवाडीचा टोल. बचत संपली! म्हणून ऑफिसचे दोन दिवस लागून मागा आणि मधली रात्र पुण्यात नातेवाइकांकडे किंवा पीजीत काढा. फेऱ्या चारच होतात आणि पेट्रोल ७,००० वर येतं. एकटे जाणार असाल तर स्वारगेटपर्यंत एसटी त्याहून परवडते.

दुसरी गळती एचआरएची, म्हणजे घरभाडे भत्त्याची, आणि ती कुणी मोजत नाही. जुन्या कररचनेत सूट मिळते ती तीन रकमांपैकी सगळ्यात कमी रकमेवर: मिळणारा एचआरए, मूळ पगाराचा ठरलेला टक्का, आणि भाडं वजा मूळ पगाराचे १० टक्के. मूळ पगार ५०,००० आणि एचआरए २०,००० असेल, तर ३०,००० भाड्यावर पूर्ण २०,००० ची सूट बसते. भाडं १२,००० झालं की सूट ७,००० वर येते. उरलेले १३,००० करपात्र होतात आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासकट महिन्याला ४,०५६ रुपये जातात. नवी कररचना घेतली असेल तर हा प्रश्नच नाही, कारण तिथे एचआरएची सूटच नाही.

नेट बघताना 'शंभर एमबीपीएस' या शब्दाला भुलू नका. व्हिडिओ कॉलला चार-पाच एमबीपीएस पुरतात. त्रास होतो तो जोडणी तुटण्याचा. घर पसंत पडलं की शेजाऱ्याच्या फायबरच्या डब्याजवळ जा. 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा हवा. 'एलओएस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाही, म्हणजे फायबर कुठेतरी तुटली आहे किंवा वाकली आहे. शक्य असेल तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'आरएक्स पॉवर', म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम उत्तम, उणे २७ च्या खाली गेलं की जोडणी कधीही पडते. कोरड्या दिवशीच आकडा उणे २६ असेल, तर पावसात जॉइंटमध्ये पाणी शिरल्यावर काय होणार हे उघड आहे. केबलवाल्याला जॉइंट नव्याने मारायला सांगा आणि आकडा पुन्हा बघूनच पैसे द्या.

दुसरी जोडणी हवीच, पण वेगळ्या वाटेने आलेली. दोन्ही फायबर एकाच खांबावरून येत असतील तर एक फांदी किंवा एक जेसीबी दोन्ही तोडतो. एक फायबर आणि एक सिम, अशी जोडी ठेवा. सिम घेतानाही दोन कंपन्या एकाच टॉवरवर असू शकतात हे ध्यानात ठेवा. लाईट बराच वेळ गेली की टॉवरची बॅटरीही उतरते. त्यामुळे लाईट गेल्यावर तीन तासांनी मोबाईलला रेंज राहते का, हे त्या तीन महिन्यांत एकदा तरी तपासा.

विजेसाठी १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्युब्युलर बॅटरी असलेला इन्व्हर्टर घ्या. कागदावर त्यात १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॉट-तास असतात. बॅटरी पूर्ण उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडं खातो, म्हणून १,१०० धरा. लॅपटॉप ६० वॉट, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरचा डबा मिळून २०, दिवा १०, जुना पंखा ७५: एकूण १९०. साधारण पावणेसहा तास चालेल. पंखा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० वॉट) घेतला की भार १४५ वर येतो आणि साडेसात तास मिळतात, म्हणजे जवळजवळ कामाचा पूर्ण दिवस. बॅटरी पुन्हा भरायला दहा-बारा तास लागतात, हे मात्र विसरू नका.

एक चूक फार जण करतात. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस'वर ठेवतात, म्हणजे राउटर बंद पडू नये. पण गावात संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं की यूपीएस मोडवरचा इन्व्हर्टर लाईट असतानाच बॅटरीवर जातो. आपल्याला पत्ता लागत नाही, आणि खरी लाईट जाते तेव्हा बॅटरी रिकामी. बटण 'नॉर्मल'वर ठेवा आणि राउटरला वेगळा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असतेच. महावितरण देखभालीसाठी वीज बंद ठेवते ती बहुधा ठरावीक वारी. तुमच्या भागाचा वार विचारून घ्या आणि मोठी मीटिंग त्या दिवशी ठेवू नका. वळवाच्या कडकडाटात राउटरचा अडॅप्टर प्लगमधून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

घर मंगल कार्यालयाच्या आणि देवळाच्या भोंग्याच्या टप्प्यात नको. वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखालची खोली कामाला घेऊ नका, एप्रिलच्या दुपारी तिथे बसवत नाही.

भाडेकरार अकरा महिन्यांचा, पण नोंदणीकृतच करा. लहान गावात मालक 'कशाला नोंदणी, आपली ओळख आहे' म्हणतात. महाराष्ट्रात ती कायद्याने बंधनकारक आहे, आणि एचआरएला, आधारवरच्या पत्त्याला तोच कागद लागतो. १२,००० भाडं आणि ५०,००० अनामत असेल तर मुद्रांक शुल्क साधारण साडेतीनशे रुपये होतं, नोंदणी फी पालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५००. करारात 'इन्व्हर्टर व फायबरसाठी भिंतीला भोक पाडण्यास परवानगी' ही ओळ घाला.

मुलं शाळेत असतील तर एप्रिलअखेर दाखल्याचा अर्ज द्या, म्हणजे जूनमध्ये नव्या शाळेत अडत नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला परत करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या. ते हरवलं तर नव्या गावी कनेक्शन रखडतं. मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ ने बदलतो. बेंगळुरूहून 'केए' पाटीची गाडी आणत असाल आणि ती १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे राहणार असेल, तर तिथल्या आरटीओची एनओसी निघायच्या आधीच काढा. आरोग्य विम्याच्या कॅशलेस यादीत नव्या गावातलं किंवा अर्ध्या तासावरचं रुग्णालय आहे का, हे घर ठरवण्याआधी बघा. घरात म्हातारी माणसं असतील तर सगळ्यात आधी हेच बघा.