कोणती लाइन? खानदेशातून नाशकात नवीन आलेल्यांसाठी

नाशकात उतरल्यावर खोली कुठे बघायची, खानावळ कोणती चांगली, कोणत्या ठेकेदाराकडे पगार वेळेवर होतो, हे सांगणारे तुम्हाला पाच-पन्नास भेटतील. सिडकोत दोन गल्ल्या ओलांडल्या की आपला खानदेशी माणूस सापडतोच. श्रावणात कानबाई बसते तेव्हा तर आपण गावातच आहोत असं वाटतं. त्यामुळे ते सगळं मी फारसं सांगत नाही. मला सांगायचं आहे ते एका इंग्रजी शब्दाबद्दल. हा शब्द आपल्याला येतो असं आपण धरून चालतो आणि तिथेच फसतो. मी फसलो, आणि दरवर्षी नवीन पोरं फसताना बघतो. शब्द आहे 'लाइन'.

मी साक्री तालुक्यातला. आमच्या घरी लाइन म्हणजे वीज, दुसरं काहीच नाही. एक आठवडा दिवसाची लाइन, एक आठवडा रात्रीची. रात्रीची असली की वडील बॅटरी घेऊन विहिरीवर जायचे आणि मोटर चालू करून बांधावर बसून राहायचे. वारा सुटला की लाइन गेली. खांबावर चढणारा तो लाइनमन. आई ओट्यावरून शेजारच्या काकूंना विचारायची, "लाइन ऊनी का?" म्हणजे वीज आली का? एवढाच त्या शब्दाचा पसारा.

1997 च्या जूनमध्ये पिंपळनेर-सटाणामार्गे येणाऱ्या एसटीने मी सीबीएसला उतरलो आणि आठवड्याभरात अंबडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून लागलो. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर लांबून ओरडले, "लाइन बंद कर!" मी धावत भिंतीपाशी गेलो आणि मेन स्विच खाली ओढला. दिवे, पंखे, कॉम्प्रेसर, सगळं एका दमात थांबलं. त्यांना फक्त पट्टा थांबवायचा होता. त्याचं लाल बटण माझ्या उजव्या हाताशी होतं. अंधारात एका फिटरचा हात जॉबवर होता. त्याला काही झालं नाही, हे माझं नशीब. मला बोलणी बसली आणि दोन दिवसांचा पगार कापला गेला. पण लाइन म्हणजे नेमकं काय, हे कापणाऱ्यांपैकी कोणी सांगितलं नाही.

ते सांगितलं चांदवडच्या एका जुन्या ऑपरेटरने. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, बाजरीच्या भाकरीचे सहा तुकडे केले आणि डब्याच्या झाकणावर एकापुढे एक मांडले. म्हणाले, "हा पहिला माणूस बॉडी ठेवतो. दुसरा त्यात स्प्रिंग टाकतो. तिसरा स्क्रू पिळतो. माल पुढे सरकतो, माणूस जागेवर उभा. ही झाली लाइन. आता हा तिसरा पाणी प्यायला गेला तर?" त्यांनी तिसरा तुकडा उचलून तोंडात टाकला. पुढचे तीन तुकडे नुसते बघत बसले होते. मला तेव्हा कळलं ते आजवर विसरलो नाही.

अशी सरकती लाइन मोटारींसाठी अमेरिकेत फोर्डच्या कारखान्यात 1913 मध्ये सुरू झाली. त्याआधी एका गाडीची चॅसी जोडायला साडेबारा तास लागायचे, ते दीड तासाच्या आसपास आले. माणसं तीच, हत्यारं जवळजवळ तीच, फक्त काम माणसाकडे चालत येऊ लागलं. म्हणून कारखान्यात 'लाइन थांबली' हे शब्द एवढे जड असतात. अंबड-सातपूरची कितीतरी छोटी युनिट्स मोठ्या कंपन्यांना सुटे भाग देतात, आणि त्यांच्या मालकांची झोप उडते ती "आमची लाइन थांबेल" या एका फोनने. रात्री अकराला तुम्हाला ओव्हरटाइमला का थांबवलं, याचं उत्तर बऱ्याचदा त्या फोनमध्ये असतं.

तर कारखान्यातल्या लाइनचे एवढे शब्द पहिल्याच आठवड्यात पक्के करून घ्या. लाइन लीडर म्हणजे तुमच्या लाइनचा पुढारी. तोही कामगारच असतो, पण पाणी प्यायला जायचं तरी त्याला सांगून जायचं. लाइन रिजेक्शन म्हणजे लाइनवर आल्यावर खराब निघालेला माल; तो लाल क्रेटमध्ये जातो, चांगल्यात मिसळला तर मोठा गुन्हा. आणि जमिनीवर रंगवलेली पिवळी लाइन. तिला हलकं धरू नका. दोन पिवळ्या पट्ट्यांच्या मधे चालायचं, बाहेर नाही. बाहेर फोर्कलिफ्ट फिरते आणि उचललेल्या मालामागून चालवणाऱ्याला माणूस दिसत नाही. मोबाइलवर बोलत पट्टा ओलांडणारं पोरगं दिसलं की मी आजही ओरडतो, आणि ओरडत राहणार.

मुलाखतीत मात्र हाच शब्द वेगळा येतो. "कोणत्या लाइनचं काम केलंय?" असं विचारलं की ते पट्ट्याबद्दल विचारत नाहीत, तुमचा धंदा, तुमचं कसब विचारतात. "सगळ्या लाइनचं करतो" असं उत्तर देऊ नका. पोरांना वाटतं त्याने आपण उपयोगी दिसू. समोरच्याला त्यातून कळतं की याला काहीच धड येत नाही. मशीनचं नाव सांगा, वर्षं सांगा: "सीएनसी टर्निंग, दीड वर्ष, ड्रॉइंग वाचता येतं." आयटीआय केलं असेल तर ट्रेड सांगा. काहीच केलं नसेल तर तेही सरळ सांगा, शिकाऊ म्हणून घेतात.

खोली बघताना तर फार सांभाळा. पवननगर, उत्तमनगरकडे घरमालक म्हणतो, "लाइन वेगळी आहे." आपण खानदेशी माणसं, आपल्या कानाला ती वीजच वाटते. इथे विजेला बहुतेक जण 'लाइट' म्हणतात. लाइट गेली, लाइटबिल आलं. घरमालकाची लाइन नळाची असू शकते, बोअरची असू शकते, ड्रेनेजची असू शकते. नंदुरबारहून आलेल्या एका मुलाने 'लाइन वेगळी' ऐकून खोली घेतली. वेगळी होती ती पाण्याची. विजेचा मीटर चार खोल्यांत एकच होता, आणि वरच्या मजल्यावरच्या एसीचा वाटा तो पाच महिने भरत राहिला. घरमालक खोटं बोलला नव्हता. विचारायला हवं होतं, एवढंच: "कोणती लाइन? मीटर दाखवता का?" मीटर डोळ्यांनी बघा, त्यावरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून ठेवा, आणि मगच डिपॉझिट द्या.

रेल्वे लाइनचंही एक सांगतो. जळगाव-भुसावळकडून घरचे भेटायला येणार असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की लाइन मूळ शहरातून जात नाही. स्टेशन आहे नाशिकरोडला. तिथून सिडको-सातपूर आठ-दहा किलोमीटर किंवा थोडं जास्तच. म्हातारी माणसं 'नाशिक आलं' म्हणून स्टेशनबाहेर उभी राहतात आणि रिक्षावाला सांगेल तो आकडा देतात. सिटीलिंकच्या बस 2021 पासून आहेत, त्या बघा. धुळ्याकडून एसटीने येणाऱ्यांना नाशकातल्या द्वारका चौकात उतरणं सोयीचं.

एवढे अर्थ एका शब्दाला आले कुठून, हे मला आमच्या शेजारी बंगल्याचं काम चालू असताना समजलं. गवंडी भिंतीच्या दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणत होता. पोऱ्याला म्हणाला, "लाइनदोरी घट्ट धर." मी पुढे वाचून बघितलं तेव्हा लक्षात आलं की तो शब्दाच्या मुळालाच हात घालत होता. लॅटिन भाषेत 'लिनम' म्हणजे जवस. हो, आपण भाकरीबरोबर ज्याची चटणी खातो तेच जवस. त्याच्या खोडापासून धागा निघतो, त्याचंच लिनन कापड होतं. त्या धाग्याची दोरी म्हणजे 'लिनिया', आणि त्यातून इंग्रजी 'लाइन'. दोरी ताणली की सरळ रेघ दिसते. रेघ म्हटल्यावर वहीतली ओळ आली, रांग आली, तार आली, तारेतून वाहणारी वीज आली, रूळ आले, नळ आला, ओळीने बांधलेल्या पोलिसांच्या चाळी आल्या. त्यांना पोलीस लाइन म्हणतात ते इंग्रजांच्या छावण्यांमुळे, तिथे बराकी एका रांगेत असायच्या. ही दोरी एकदा मनात बसली की कोणताही नवा अर्थ परका वाटत नाही. मला तरी वाटला नाही.

छावणी म्हटलं म्हणून सांगतो, इंग्रजी आपल्याकडूनही घेऊन गेली आहे. इथल्या देवळालीला गोऱ्या सैनिकांचा मोठा तळ होता. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ते तिथे महिनोन् महिने पडून राहायचे, उन्हाने आणि कंटाळ्याने त्यांचं डोकं फिरायचं. त्यावरून डोकं फिरलेल्याला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणू लागले. तो शब्द त्यांच्या शब्दकोशात आहे. इंग्रजीला घाबरणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे आवर्जून सांगतो.

आता जरा नाजूक गोष्ट. 'लाइन मारणे' तुम्हाला माहीत आहे, कॉलेजात सगळेच बोलतात. पण कारखान्यात आता असेंब्लीवर बायका-मुली भरपूर आहेत, आणि तिथे बोलताना एका शब्दाचं अंतर फार असतं. आपल्याकडचा एक साधा मुलगा. त्याला एका बाईंकडून टॉर्क रेंच परत घ्यायचा होता. त्याने चारचौघांत विचारलं, "तिची लाइन कुठं आहे?" ऐकणारे हसले, त्या बाईंच्या कानावर ते वेगळंच गेलं आणि प्रकरण साहेबांपर्यंत पोहोचलं. मुलाच्या मनात काही नव्हतं हे मी जाऊन सांगितलं, त्याने माफी मागितली, मिटलं. पण त्या बाईंचाही दोष नव्हता. त्यांनी असली हसणी रोज ऐकलेली असतात. "मॅडम कोणत्या लाइनवर काम करतात?" असं विचारा. 'तिची' नको, 'त्यांची' म्हणा, आणि ताई म्हणायला लाजू नका.

शिकलेल्या पोरांना ऑफिसात वेगळी अडचण येते. माझ्या भाचीला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला, "ड्रॉप मी अ लाइन." तिने मला घाबरून फोन केला, "मामा, कोणती लाइन सोडायची?" त्याचा अर्थ एवढाच की मला दोन ओळी लिहून पाठव. तिच्याबरोबरच्या मुलाने फॉर्मवर 'लाइन मॅनेजर'च्या जागी असेंब्ली लाइनच्या लीडरचं नाव लिहिलं आणि त्याची रजा पंधरा दिवस अडकली. लाइन मॅनेजर म्हणजे तुम्ही ज्यांच्या हाताखाली आहात ते, ज्यांना तुमची रजा मंजूर करायचा अधिकार आहे ते. मग तिथे पट्टा असो वा नसो. 'होल्ड द लाइन' म्हणजे फोन ठेवू नका. 'नॉट इन लाइन विथ' म्हणजे नियमाला धरून नाही. फॉर्मवरची 'ॲड्रेस लाइन' म्हणजे पत्त्याची एक ओळ.

डेडलाइन हा शब्द रोज ऐकाल. तो अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या कैद्यांच्या छावणीतला आहे. तिथे 1864 मध्ये कुंपणाच्या आत एक रेघ ठरलेली असायची, ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालायचे. आज ती तारीख झाली आहे. डिस्पॅचची डेडलाइन चुकणार असं दिसलं तर आदल्या दिवशीच सांगा. शेवटच्या तासाला सांगितलेलं खरं कारणसुद्धा बहाण्यासारखं वाटतं.

आणि ऑनलाइन. नोकरी लावतो म्हणून आधी ऑनलाइन पैसे मागणाऱ्या माणसाला एक रुपयाही पाठवू नका, तो गाववाला निघाला तरी नाही.

मी कायम झालो 2001 मध्ये. पत्र हातात घेऊन त्रिमूर्ती चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. गावात फोन एकच, किराणा दुकानात. पाऊण तास लाइन लागत नव्हती. लागली तेव्हा दुकानदाराने आईला हाक मारून आणलं. मी सांगितलं आणि ती काहीच बोलली नाही. रिसीव्हर तिच्या हातातच राहिला असावा, कारण दुकानात कोणाला तरी ती सांगत होती ते मला स्पष्ट ऐकू आलं: "मना पोऱ्या लाइनले लागना." विजेशिवाय दुसऱ्या कशासाठी तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मीटरचे आकडे पळत होते, मी फोन तसाच धरून उभा राहिलो.